दुःखाचा सहकार

वारणानगरच्या परिसरात सहकाराची महती सांगावयास जाणे म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाची ओळख करून देण्यासारखे आहे. ज्या माळावर एके काळी कुसळांवाचून फारसे काही उगवत नसे, तेथे गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात तात्यासाहेब कोरे यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा करण्याचे मनावर घेतले, आणि त्या एका संकल्पातून पुढे दूध संघ, बझार, शाळा, महाविद्यालये असा मोठा विस्तार झाला. मुलांचा बालवाद्यवृंददेखील त्याच भूमीत उगवला. या साऱ्याच्या मुळाशी असलेले तत्त्व वारणाकाठच्या निरक्षर म्हातारीसही ठाऊक आहे. एकट्याच्या दहा गुंठ्यांतील उसाला बाजारात कोणी विचारीत नाही; एकट्या म्हशीच्या दोन लिटर दुधासाठी कोणी गाडी पाठवीत नाही; पण तेच हजारांचे एकत्र आले की त्यास भाव येतो, आणि त्याबरोबर ज्याचे ते असते त्यासही भाव येतो.

असे असता, याच पन्हाळा तालुक्यातील काही सुशिक्षित गृहस्थांपुढे आम्ही अलीकडे एक साधी सूचना मांडली, तेव्हा तिचे जे स्वागत झाले ते पाहून आम्ही थक्क झालो. सूचना एवढीच होती की, मनाने खचलेल्या, शोकाने वा चिंतेने ग्रासलेल्या माणसांसाठी या भागात समूहोपचाराचा एखादा वर्ग सुरू व्हावा. आठ-दहा जणांनी जाणत्या मार्गदर्शकासह आठवड्यातून एकदा एकत्र बसावे व आपापल्या मनाचे ओझे एकमेकांसमोर उतरवावे. एक गृहस्थ म्हणाले, “हे म्हणजे घरचे धुणे चव्हाट्यावर धुणे झाले.” दुसरे म्हणाले, “आमच्याकडे भजन आहे, पार आहे, वारी आहे. ही परदेशी थेरे आम्हांस कशाला?” तिसरे अधिक व्यवहारी होते. ते म्हणाले, “ज्याला परवडेल तो डॉक्टरकडे एकटा जाईल, दहा जणांना एका खोलीत कोंबून जे मिळते ते गरिबांना चकवण्याचे औषध.” हे तिन्ही आक्षेप आम्हांस अपुऱ्या माहितीचे वाटतात, परंतु ते चांगल्या माणसांच्या मुखातून आले असल्यामुळे त्यांचा परामर्श घेणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

प्रथम, ही वस्तू आहे तरी काय ते पाहू. सन १९०५ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरी जोसेफ प्रॅट नावाच्या वैद्याने क्षयरोग्यांचा एक वर्ग भरविण्यास आरंभ केला. हे रोगी गरीब होते; डोंगरावरील आरोग्यधामाचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. आठवड्यातून एकदा त्यांनी एकत्र यावे, विश्रांती, मोकळी हवा व आहार यांसंबंधी वैद्याने सांगितलेल्या नियमांच्या नोंदवह्या दाखवाव्यात, कोणाचे वजन किती वाढले ते सर्वांसमोर सांगावे, एवढीच त्याची योजना होती. मूळ हेतू वैद्याचा वेळ वाचविण्याचा. पण प्रॅटच्या लवकरच ध्यानात आले की, रोग्यांना त्याच्या उपदेशापेक्षा एकमेकांच्या संगतीने अधिक उभारी येत आहे. शेजारच्या बाकावरील माणसाचे वजन तीन पौंड वाढले, हे पाहून ज्याचे वाढले नाही त्यालाही उद्याची आशा वाटे. पुढे १९३२ च्या सुमारास मोरेनो याने या पद्धतीस समूहोपचार हे नाव रूढ केले. १९३५ मध्ये त्याच देशातील ॲक्रन गावी एक दलाल व एक शल्यवैद्य, दोघेही दारूने ग्रासलेले, एकमेकांस भेटले आणि त्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही व्यसनी माणसांनीच व्यसनी माणसांसाठी चालविलेली बिनपैशाची संघटना जन्मास आली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडातील नॉर्थफील्ड येथील लष्करी रुग्णालयात मन मोडलेले सैनिक इतके आले की, एकेकाला घेऊन बसण्यास तज्ज्ञ पुरेनात. तेथे बियॉन, फुक्स आदी वैद्यांनी समूहाचे प्रयोग केले. सारांश, हा उपचार गरजेच्या पोटी जन्मला हे खरे. परंतु केवळ काटकसर म्हणून स्वीकारलेल्या या रीतीत एकांतातील उपचारात नसलेला असा एक गुण आहे, हे पुढे अनुभवाने कळून आले. दुष्काळात नाइलाजाने पेरलेले धान्य पुढे चवीचे निघावे, तसा हा प्रकार झाला.

आता प्रत्यक्ष वर्ग कसा चालतो ते सांगतो, कारण आक्षेपकांपैकी एकानेही तो पाहिलेला नाही. सामान्यतः सात-आठ माणसे, एक किंवा दोन मार्गदर्शक, गोलाकार मांडलेल्या खुर्च्या किंवा सतरंजी, आठवड्यातील एक ठरलेला वार आणि दीड तासाची ठरलेली वेळ. पहिल्याच दिवशी काही नियम सर्वांकडून कबूल करून घेतले जातात: येथे ऐकलेले बाहेर न्यावयाचे नाही, बोलणाऱ्यास मध्येच तोडावयाचे नाही, न मागता सल्ला द्यावयाचा नाही, आणि यावयाचे नसेल तर तसे येऊन सांगावयाचे, गुपचूप नाहीसे व्हावयाचे नाही. पहिल्या दोन-तीन बैठकी बहुधा कंटाळवाण्या जातात. प्रत्येकजण आपले दुखणे सोडून झोप, अपचन, पाऊस यांविषयी बोलतो आणि मार्गदर्शकाकडे विद्यार्थ्याने गुरुजींकडे पाहावे तसा पाहत राहतो. मग एखाद्या दिवशी कोणीतरी खरे वाक्य बोलतो.

समजा, त्या समूहात स्पर्धापरीक्षेत पाच वर्षे घालवून पुण्याहून रित्या हाताने परतलेला एक तरुण आहे; महापुरात जनावरे गमावलेला एक शेतकरी आहे; नवऱ्याच्या मागे सासरी राहिलेली एक बाई आहे; आणि निवृत्तीनंतर घरात नकोसे झालेले एक शिक्षक आहेत. तरुण म्हणतो, “सकाळी वडील रानात निघाले की मी झोपेचे सोंग घेतो, त्यांच्या नजरेला नजर देववत नाही.” खोलीत क्षणभर शांतता पसरते. मग तो शेतकरी म्हणतो, “मीही रोज सकाळी रित्या गोठ्याच्या बाजूने जायचे टाळतो.” या दोन वाक्यांच्या मध्ये जे घडले, तेच समूहोपचाराचे हृदय होय. तरुणाला पाच वर्षांत पहिल्यांदाच कळले की, तोंड लपविणारा या जगात तो एकटा नाही. दुःखी मनुष्याचे अर्धे दुःख दुःखाचे असते व अर्धे ‘हे फक्त माझ्याच वाट्यास आले, कारण मीच नालायक’ या समजुतीचे असते. हा दुसरा अर्धा भाग कोणत्याही वैद्याच्या सांगण्याने जात नाही. वैद्य कितीही कनवाळू असला तरी तो पलीकडच्या काठावर उभा असतो. तो भाग जातो तो त्याच पाण्यात उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाला पाहून.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. त्या शिक्षकांना सर्वांस उपदेश करण्याची खोड असते. घरात त्यामुळेच ते नकोसे झाले आहेत. पण घरातील कोणी त्यांना तसे सांगत नाही, नुसते उठून जातात. समूहातही चौथ्या बैठकीस ते उपदेश करू लागतात. मार्गदर्शक त्या बाईस विचारतो, “आत्ता तुम्हांला कसे वाटले?” ती चाचरत म्हणते, “पुन्हा शाळेत उभे केल्यासारखे वाटले.” कोणी उठून गेले नाही, कोणी ओरडले नाही, आणि शिक्षकांना आयुष्यात प्रथमच समजले की, आपल्या बोलण्याचा समोरच्याच्या मनावर काय परिणाम होतो. मनुष्य बाहेर ज्या रीतीने वागतो त्याच रीतीने समूहातही वागू लागतो. फरक इतकाच की येथे त्याचा आरसा समोर धरला जातो, आणि धरणाऱ्यांनी त्याला टाकून दिलेले नसते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ अर्व्हिन यालोम यांनी १९७० मध्ये या विषयावर जो प्रमाणग्रंथ लिहिला, त्यात समूहाच्या गुणकारीपणाची कारणे अकरांच्या घरात मोजली आहेत. त्यांत या परस्परांकडून शिकण्यास त्यांनी फार मोठे स्थान दिले आहे.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. ज्याला गेली कित्येक वर्षे सारे जण केवळ सल्ला, कीव किंवा औषधच देत आले, त्याला समूहात देण्याची संधी मिळते. त्या बाईच्या दोन शब्दांनी तरुणाचा आठवडा बरा गेला, हे तिला पुढच्या बैठकीत कळते. आणि ‘मी कोणाच्या उपयोगाची नाही’ हा जो काटा तिच्या मनात रुतलेला असतो, तो हलू लागतो. सहकारी संस्थेत एक सभासद, एक मत हा नियम आहे. शंभर एकरांचा धनी आणि दहा गुंठ्यांचा कुळवाडी यांचे मत सारखेच. समूहातही तसेच असते. तेथे प्रत्येकजण घेणारा असतो व प्रत्येकजण घालणाराही असतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप चव्हाट्याचा. चव्हाट्यावर जे सांगितले जाते ते संध्याकाळपर्यंत गावभर होते. समूहात जे सांगितले जाते ते त्या खोलीतच राहावे यासाठी प्रत्येकजण वचनबद्ध असतो. हा भेद लक्षात न घेता दोहोंस एकच लेखणे हे दवाखान्यात अंग उघडे करणे व बाजारात उघडे करणे यांस एकच लेखण्यासारखे आहे. तथापि या आक्षेपात तथ्याचा जो अंश आहे तो आम्ही लपवीत नाही. शहरात समूहातील आठ जण एकमेकांस अपरिचित असतात. खेड्यात त्यांतील तिघे भाऊबंद, दोघे एका वाटपाच्या दाव्यातील वादी-प्रतिवादी आणि एखादा सोसायटीचा सचिव निघावयाचा. अशा ठिकाणी कोण तोंड उघडील? म्हणून येथील समूह गावचा न करता खोऱ्याचा केला पाहिजे. कोडोलीच्या माणसाने दुसऱ्या गावच्या वर्गात बसावे, नात्यातील दोघांनी एका समूहात बसू नये, बायकांचे समूह वेगळे असावेत. दुधाची गाडी दररोज गावोगाव फिरते. माणसाने आठवड्यातून एकदा चार कोस जाणे अशक्य नाही. अडचण खरी आहे. पण ती व्यवस्थेची अडचण आहे, तत्त्वाची नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक आदराने घेतला पाहिजे, कारण तो आपल्या परंपरेच्या अभिमानातून आला आहे. वारीच्या वाटेवर लहानथोर एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात, त्या क्षणी मनाचे किती ताठे गळून पडतात हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. भजनाने मन हलके होते यात संशय नाही. परंतु भजन हा मनुष्यास स्वतःचा विसर पाडणारा उपाय आहे, आणि समूह हा त्यास स्वतःची आठवण करून देणारा. भजनी मंडळात कोणी टाळ खाली ठेवून म्हणेल काय, “मंडळी, गेल्या मंगळवारी मी औषधाची बाटली तोंडास लावणार होतो”? पारावरील गप्पांची तर गोष्टच सोडा. तेथे विनोदाचे राज्य असते. जो पहिला डोळे पुसतो त्याची थट्टा होते, आणि थट्टा न झाली तर त्याच्या पुढ्यात पेला येतो. पार म्हणजे समूहोपचार असे म्हणणारांनी पारावर बसलेल्यांच्या बायकांस एकदा विचारून पाहावे.

आणि त्या बायकांचे काय? त्यांच्यासाठी आमचे मित्र हळदीकुंकवाकडे बोट दाखवितात. ज्या समारंभात विधवेस आमंत्रणच नाही, तो समारंभ विधवेचे दुःख हलके करतो, असे म्हणणाऱ्या माणसाच्या तर्कशक्तीस आम्ही काय म्हणावे? याच कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. त्या गावाने मे २०२२ मध्ये ठराव करून पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही त्याचा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. ही गोष्ट सबंध महाराष्ट्रास भूषणावह आहे. परंतु ठरावाने बांगडी वाचते. मन वाचत नाही. ज्या बाईने वीस वर्षे स्वतःस अपशकुनी मानले, ती ठरावाच्या दुसऱ्या दिवशी उजळ माथ्याने कशी फिरेल? तिला तिच्यासारख्या सात जणींमध्ये बसून, ‘मला अजूनही लग्नमंडपात पाऊल टाकताना भीती वाटते’ हे वाक्य मोठ्याने उच्चारता आले पाहिजे, आणि उरलेल्या सात जणींनी मान डोलावली पाहिजे. ग्रामसभेने सुरू केलेले काम तेथे पुरे व्हावयाचे आहे.

राहिला ‘परदेशी’ हा शब्द. साखर कारखान्याची यंत्रे कोठल्या पुराणातून आली? सहकारी पतपेढीची मूळ कल्पना जर्मनीतील रायफायझनची. ती आमच्या मातीत रुजली तेव्हा तिचे कूळ कोणी विचारले नाही. समूहोपचारही आता महाराष्ट्रास नवीन राहिलेला नाही. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्याने, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथील उपचाराचा कणा समूह हाच आहे. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्याने आलेल्यांचा हात धरतात, आणि व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा स्वतंत्र समूह चालतो. ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची मानसिक आरोग्य संस्था काम करीत आहे. डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली. तिच्या स्वमदत समूहात रोगी व त्यांचे आप्त एकमेकांस आधार देतात. आणि त्याही आधी, गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रोग्यांच्या नातेवाइकांस तेथेच राहावयास बोलाविले व सर्वांस एकत्र बसवून बोलते केले. ज्यास आमचे मित्र परदेशी थेर म्हणतात ते त्यांच्या जन्माच्या आधीपासून या देशात नांदत आले आहे.

तिसरा आक्षेप गरिबांना चकविण्याचा. येथे आम्हांस आक्षेपकाच्या हेतूविषयी आदर आहे, परंतु हिशेबाविषयी नाही. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये जी राष्ट्रीय पाहणी केली तीत असे दिसून आले की, निरनिराळ्या मानसिक विकारांत शंभरांपैकी सत्तर ते ब्याण्णव रोग्यांस कसलाही उपचार मिळत नाही. महाराष्ट्रातील जुनी मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी. वारणाकाठच्या माणसाला त्यांतले जवळचे म्हणजे रत्नागिरीचे, तेही आंबा घाटापलीकडे. तेव्हा ‘परवडेल तो एकटा डॉक्टरकडे जाईल’ या वाक्याचा व्यवहारातील अर्थ ‘बहुतेक कोणी कोठेही जाणार नाही’ असा होतो. नसलेल्या पक्वान्नाशी तुलना करून समोरच्या भाकरीस नावे ठेवणे हे पोट भरलेल्याचे काम आहे.

शिवाय ही भाकरी कमी कसाची आहे काय? युगांडा देशाच्या नैर्ऋत्य भागात तीस खेड्यांत खिन्नतेने ग्रासलेल्या लोकांवर या उपचाराची काटेकोर परीक्षा झाली व तिचे फळ २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या गावांत सोळा आठवडे, दर आठवड्यास दीड तास, समूह चालविले. चालविणारे कोणी वैद्य नव्हते, त्याच प्रदेशातील, दोन आठवडे शिकविलेली साधी माणसे होती. अखेरीस समूहाच्या गावांत खिन्नतेचे निदान करता येईल अशी माणसे शंभरांत सहा-सात उरली. ज्या गावांत समूह नव्हते तेथे ती पंचावन्नच्या आसपास होती. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा जो उपक्रम झाला, त्यात केवळ समूह नव्हते. गावातील आरोग्यसेवक, शिकविलेले समुपदेशक व अधूनमधून येणारे तज्ज्ञ अशी साखळी होती. पण त्यातूनही हेच दिसले की साधा माणूस नीट शिकविला तर दार उघडते: दीड वर्षात खिन्नतेसाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा चारांवरून सत्तावीसवर गेले. १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा कारखाना काढला, तेव्हाही ‘धोतर नेसणाऱ्यास यंत्र कसे चालविता येईल?’ अशी शंका घेणारे थोडे नव्हते. आज त्याच शेतकऱ्याचा नातू आम्हांस विचारतो, ‘शिक्षकाला किंवा आशाताईला मन कसे कळेल?’

मर्यादा आम्ही सांगितल्या नाहीत तर आमचा पक्ष अप्रामाणिक ठरेल. ज्याच्या मनात जीव देण्याचा विचार घोळत आहे, ज्यास भास होत आहेत, त्याला आधी वैद्य व औषध पाहिजे; समूह मागाहून. शासनाने ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही दूरध्वनीसेवा सुरू केली आहे. तिचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लिहिला पाहिजे. काही माणसे समूहात कधीच मोकळी होत नाहीत. त्यांस एकांतच मानवतो. आणि अकुशल मार्गदर्शक समूहाची दुर्दशा करू शकतो: एकास बोलू देऊन सात जणांना मुके करील, किंवा ज्याचे कवच अजून उतरावयाचे नाही त्याचे ते ओढून काढील. म्हणून मार्गदर्शकावर तज्ज्ञाची देखरेख हवी. पण विहिरीत पडण्याचे भय आहे म्हणून कोणी विहीर खणावयाचे टाकीत नाही. तिला कठडा बांधतो.

या विषयात आम्ही इतक्या आवेशाने का लिहितो, असे वाचक विचारतील. काही वर्षांपूर्वी आमच्या घरात एक मृत्यू झाला. घरातील लहान माणूस मोठ्यांच्या आधी जावे, तसा तो होता. आम्ही लेखक; शोकावर वाचलेले पुष्कळ होते. एका स्नेह्याच्या आग्रहावरून आम्ही शहरातील एका समूहात जाऊन बसलो व तीन आठवडे इतरांच्या दुःखाची मीमांसा करीत राहिलो. चौथ्या आठवड्यास पोळ्या लाटून पोट भरणारी एक बाई आमच्याकडे वळून म्हणाली, “दादा, तुमचं सगळं बरोबर असेल हो. पण तुम्ही कसे आहात ते अजून सांगितलंच नाही.” त्यावर आमच्या तोंडून शब्द फुटला नाही, जे फुटले ते दुसरेच होते. त्या बाईचे नाव आम्हांस आजही ठाऊक नाही. परंतु त्या रात्री आम्हांस चार महिन्यांनी प्रथमच झोप लागली, आणि ज्या प्रश्नाने ती लागली तो प्रश्न आमच्या ग्रंथसंग्रहातील एकाही पुस्तकाने आम्हांस विचारला नव्हता.

वारणेच्या भागास हा प्रश्न विचारला गेला आहे काय? १९९८ मध्ये या परिसरातील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा मोठा गाजावाजा झालेला प्रयोग झाला. शेतकऱ्याने गावातील केंद्रावर जावे व आपला ऊस किती टन भरला, बिल किती झाले ते पाहावे. पुढे तेच काम भ्रमणध्वनीच्या संदेशांनी होऊ शकते असे दाखविणारा दुसरा प्रयोग झाला. टनाचा हिशेब घरबसल्या मिळावा हे योग्यच. पण ज्याने ऊस पिकविला तो माणूस कसा आहे, हे कोणत्या तारेने विचारले? २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कोल्हापूर-सांगलीच्या नद्या पात्र सोडून गावांत शिरल्या. धान्य आले, चादरी आल्या, पंचनामे झाले, आणि पंचनाम्यात भिंती, जनावरे व पिके यांचे रकाने होते. आज पावसाचा जोर वाढला की रात्री उठून उंबऱ्याशी पाणी आले काय ते पाहणाऱ्या माणसाचा रकाना कोणत्याही पंचनाम्यात नाही.

येथे आम्हांस आपल्या समाजाच्या एका जुन्या दुखण्याचा उल्लेख केला पाहिजे: व्याख्यानाचे व्यसन. ‘ताणतणावमुक्त जीवन’ या विषयावर वक्ता बोलवावा, व्यासपीठावर अकरा खुर्च्या मांडाव्यात, शाल-श्रीफळ द्यावे, शेवटी आभार मानून चहा घ्यावा, म्हणजे मनाचे आरोग्य साधले असे आमच्या संस्थाचालकांस मनापासून वाटते. श्रोत्यांतील जो खरोखर बुडत आहे तो मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवितो व घरी जातो. त्याचे तोंड उघडावे अशी योजनाच त्या समारंभात नाही. व्याख्यानात एक बोलतो व पाचशे ऐकतात. समूहात आठ जण ऐकतात, म्हणून एकाला बोलता येते. बालवाद्यवृंदातील पोराला हे आपल्या पुढाऱ्यांहून अधिक कळते: दुसऱ्याचे वाद्य ऐकल्यावाचून आपले नीट वाजत नाही.

म्हणून आमची मागणी फार लहान आहे. इमारत नको, निधी नको, उद्घाटन तर नकोच. शाळा सुटल्यावर रिकामी पडणारी एक खोली, आठ माणसे, सोळा आठवडे. बचत गटांनी या भागातील स्त्रियांस दरमहा एकत्र बसण्याची, वेळ पाळण्याची व एकमेकींच्या कर्जाविषयी बाहेर वाच्यता न करण्याची शिस्त आधीच लावली आहे. तिच्या शेजारीच हे रोप लावता येईल. दोन शिक्षक किंवा आरोग्यसेविका यांनी शिकून घ्यावे, कोल्हापूरच्या एखाद्या मनोविकारतज्ज्ञाने महिन्यातून एकदा त्यांच्याशी बसावे. ध्वनिक्षेपक नसावा, छायाचित्रकार नसावा, प्रमुख पाहुणा नसावा. सोळा आठवड्यांनंतर त्या आठ जणांस विचारावे, काही उपयोग झाला काय? त्यांनी नाही म्हटले तर आमच्या मित्रांनी आम्हांस याच मासिकात खुशाल झोडपावे. आम्ही तक्रार करणार नाही.

मात्र तोपर्यंत, ऊस एकत्र गाळावा, दूध एकत्र तापवावे आणि दुःख मात्र ज्याने त्याने आपल्या घरी, दार लावून, एकट्याने गिळावे, ही रीत सहकाराच्या भूमीस शोभणारी आहे असे कोणी आम्हांस सांगू नये.